दडपलेल्या क्रोधाचे प्रतीकरूप : विल्यम ब्लेकची ‘अ पॉयझन ट्री’ आणि गोंडवनाची कविता

सारांश

विल्यम ब्लेक या इंग्रजी कवीची ‘अ पॉयझन ट्री’ ही सोळा ओळींची कविता दडपलेल्या क्रोधाचे विषवृक्षात होणारे रूपांतर मांडते. प्रस्तुत लेखात या कवितेतील प्रतीकांची उकल केली आहे. त्याचबरोबर स्वेच्छेने मनात धरलेला क्रोध आणि बोलण्यास वावच न मिळालेला क्रोध यांतील भेद चंद्रपूर-गडचिरोली परिसराचा इतिहास व आदिवासी मराठी कविता यांच्या संदर्भात स्पष्ट केला आहे. कवितेचे सर्वसाधारण तात्पर्य ऐकणारा उपलब्ध आहे, या गृहीतावर उभे आहे. ते गृहीत तपासल्याशिवाय या कवितेचे अध्यापन अपुरे राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : ब्लेक, क्रोध, प्रतीक, अवहित्थ, आदिवासी कविता, गोंडवन.

प्रस्तावना

‘अ पॉयझन ट्री’ ही कविता वरवर पाहता अत्यंत सोपी आहे. तिच्यातील बहुतेक शब्द एक-दोन अवयवांचे आहेत, चाल बालगीताची आहे आणि कथानक चार कडव्यांत संपते. त्यामुळे वर्गात ती लवकर शिकवून होते. राग मनात ठेवू नये, तो बोलून टाकावा, असे तात्पर्य विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि पुढील कवितेकडे वळतात. हे तात्पर्य चुकीचे नाही. परंतु ते कवितेच्या पहिल्या कडव्यापुरतेच आहे. उरलेली तीन कडवी त्याहून अधिक अस्वस्थ करणारे काही सांगतात.

वनप्रदेशातील महाविद्यालयात ही कविता शिकविताना आणखी एक प्रश्न उभा राहतो. ब्लेकच्या कवितेतील निवेदकाला बोलण्याचे स्वातंत्र्य आहे. मित्राशी तो बोलतो, शत्रूशी बोलत नाही. ही निवड त्याची स्वतःची आहे. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना वनअधिकारी, ठेकेदार किंवा सावकार यांच्यापुढे अशी निवड क्वचितच करता आली, अशा घरांतून आलेला विद्यार्थी समोरच्या बाकावर बसलेला असतो. राग बोलून टाकावा, या उपदेशाचा त्याने कोणता अर्थ घ्यावा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रथम कवितेचे बारकाईने वाचन करणे आणि नंतर ती या भूमीतील अनुभवाशेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे.

कवी, काळ आणि कवितेचे मूळ शीर्षक

विल्यम ब्लेकचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजी लंडन येथे झाला. व्यवसायाने तो उत्कीर्णकार, म्हणजे ताम्रपटावर चित्रे कोरणारा कारागीर होता. आपल्या कविता आणि चित्रे एकाच ताम्रपटावर कोरून, छापून व हाताने रंगवून तो पुस्तके सिद्ध करीत असे. या कामात पत्नी कॅथरीन हिचे त्याला साहाय्य होते. ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा संग्रह १७८९ मध्ये आणि त्यास जोड देऊन ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स’ हा एकत्रित संग्रह १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अ पॉयझन ट्री’ ही दुसऱ्या भागातील, म्हणजे अनुभवगीतांतील कविता आहे. तिच्या ताम्रपटावर झाडाखाली हात पसरून पडलेला मृत मनुष्य चितारलेला आहे.

ब्लेकच्या टिपणवहीत या कवितेचा कच्चा खर्डा आढळतो. तेथे तिचे शीर्षक ‘ख्रिस्ती सहनशीलता’ अशा अर्थाचे होते. हा तपशील कवितेच्या आकलनासाठी अतिशय महत्त्वाचा आहे. धर्मोपदेशात ज्या गुणाची स्तुती होते, त्या सहनशीलतेच्या पोटात काय वाढू शकते, हे दाखविणे हा कवीचा मूळ हेतू होता. राग गिळणारा मनुष्य समाजाला सद्गुणी दिसतो आणि त्याचे हास्य क्षमाशीलतेचे लक्षण मानले जाते. ब्लेकचा उपरोध या मान्यतेवर आहे. पुढे शीर्षक बदलले आणि उपरोधाची जागा प्रतीकाने घेतली. परंतु उपरोध कवितेतून गेला नाही, तो आत मुरला.

कवितेचा काळही लक्षात घ्यावा लागतो. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडमधील सत्ताधारी वर्ग भयग्रस्त झाला होता. मे १७९२ मध्ये राजद्रोही लिखाणाविरुद्ध राजघोषणा निघाली. मे १७९४ मध्ये बंदिप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करण्यात आला. असंतोष उघडपणे बोलणे धोक्याचे ठरत होते. स्वतः ब्लेकवर पुढे एका सैनिकाशी झालेल्या वादातून राजद्रोहाचा खटला भरण्यात आला आणि जानेवारी १८०४ मध्ये तो निर्दोष सुटला. न बोललेल्या क्रोधाविषयीची ही कविता बोलणे महाग झालेल्या काळात लिहिली गेली आहे.

कवितेची रचना

कवितेत चार चरणांची चार कडवी असून प्रत्येक कडव्यात दोन-दोन ओळींची यमके आहेत. पहिल्या कडव्यात दोन प्रसंग समोरासमोर ठेवले आहेत. मित्रावर राग आला, तो सांगितला आणि संपला. शत्रूवर राग आला, तो सांगितला नाही आणि वाढू लागला. यानंतर निवेदक त्या रागाला भीतीचे व अश्रूंचे पाणी घालतो, हास्याचे व गोड कपटाचे ऊन देतो. रागाला एक चकचकीत सफरचंद लागते. शत्रू ते पाहतो. ते कोणाचे आहे हेही त्याला ठाऊक असते. रात्रीच्या काळोखात तो बागेत शिरतो आणि सकाळी झाडाखाली निष्प्राण पडलेला दिसतो. निवेदकाला त्याचा आनंद होतो.

भाषिक पातळीवर तीन बाबी विशेष नोंद घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब शब्दयोजनेची. पहिल्या कडव्यात भावनेचा प्रथम उल्लेख ‘अँग्री’ या विशेषणाने होतो. लगेच त्याची जागा ‘रॅथ’ हे नाम घेते. ‘मी रागावलो’ ही मनाची अवस्था आहे, तर ‘माझा क्रोध’ ही बाळगता येणारी, वाढविता येणारी वस्तू आहे. अवस्थेची वस्तू होणे, हीच प्रतीकनिर्मितीची पहिली पायरी होय. दुसरी बाब अशी की, ‘झाड’ हा शब्द शीर्षकानंतर थेट कवितेच्या शेवटी, अखेरचा शब्द म्हणून येतो. मधल्या सर्व ओळींत केवळ ‘ते’ या सर्वनामाने काम भागविले आहे. जे वाढत आहे त्याचे नाव निवेदक घेत नाही. झाड पूर्णपणे दृष्टीस पडते तेव्हा त्याखाली प्रेत असते. तिसरी बाब काळाची. सारी कथा भूतकाळात सांगितलेली असून शेवटच्या दृश्यात मात्र वर्तमानकाळ येतो. घटना घडून गेली. निवेदक त्या सकाळीच अडकून पडला आहे. पश्चात्तापाचा एकही शब्द कवितेत नाही आणि कवीही त्याला कोठे दटावीत नाही. निवाडा करण्याचे काम वाचकाकडे राहते.

प्रतीकांची उकल

झाड हे या कवितेचे केंद्रवर्ती प्रतीक होय. क्रोधासाठी अग्नी, वादळ किंवा हिंस्र पशू ही प्रतीके अधिक रूढ आहेत. अग्नी एकदम पेटतो आणि इंधन संपल्यावर विझतो. झाडाला मात्र वेळ लागतो, निगा लागते, माळी लागतो. दडपलेला क्रोध ही रोजची मशागत आहे, हे ब्लेकला सांगावयाचे असल्याने त्याने झाड निवडले. याच संग्रहातील ‘द ह्यूमन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या कवितेतही मानवी मेंदूत वाढणाऱ्या झाडाची कल्पना आहे. त्यावरून वृक्षप्रतीकाचे हे स्थान ब्लेकच्या विचारात आकस्मिक नव्हते, हे स्पष्ट होते.

विषवृक्षाची कल्पना तत्कालीन इंग्लंडमध्ये चर्चेतही होती. जावा बेटावरील ‘उपास’ नावाचा वृक्ष आपल्या भोवतालची सर्व जीवसृष्टी मैलोगणती नष्ट करतो, अशी अतिरंजित हकीकत १७८३ मध्ये ‘लंडन मॅगझीन’मध्ये छापून आली होती. इरॅस्मस डार्विन यांच्या १७८९ च्या वनस्पतिविषयक काव्याने ती आणखी लोकप्रिय केली. ब्लेकने डार्विन यांच्या ग्रंथासाठी उत्कीर्णनाचे कामही केले होते. याच जातीचा वृक्ष पश्चिम घाटात चांदकुडा या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या सालीपासून पूर्वी पोती तयार करीत असत. दूरच्या दंतकथेत संहारक ठरलेले झाड त्याच्या सान्निध्यात राहणाऱ्यांच्या नित्य उपयोगाचे असते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाणी आणि ऊन या प्रतीकांत अंतर्बाह्य विसंगती आहे. अश्रू व भीती एकांतातील आहेत, तर हास्य व कपट हे लोकांसमोरचे आहे. आत रडणे आणि बाहेर हसणे या दोन्ही क्रिया परस्परविरोधी भासल्या तरी एकाच झाडाला पोसतात. सफरचंद हे बायबलमधील आदम व ईव्ह यांच्या कथेचे स्मरण करून देते. पाश्चात्त्य परंपरेत निषिद्ध फळाची कल्पना सफरचंदाच्या रूपानेच रूढ झाली आहे. ब्लेकने त्या कथेची मांडणी मात्र उलटी केली आहे. येथे बागेचा मालक स्वतःच मोह निर्माण करतो आणि फळ तोडणाऱ्याच्या मृत्यूने संतुष्ट होतो. शत्रूही निष्पाप नाही. तो लोभी आहे आणि चोरपावलांनी येतो. विष मात्र मालकाने जोपासलेले आहे.

बाग हे चौथे प्रतीक बहुधा दुर्लक्षित राहते. ती खासगी आहे. तिला कुंपण आहे, मालक आहे आणि फळ कोणाचे हे सर्वांना ठाऊक आहे. ब्लेकच्या कवितेतील क्रोध हा अशा प्रकारे एका व्यक्तीच्या मालकीचा आहे. गोंडवनाच्या कवितेकडे वळताना हाच भेद सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

निग्रह, दमन आणि अवहित्थ

मानसशास्त्रात जाणीवपूर्वक केलेला भावनेचा निग्रह आणि नकळत होणारे दमन यांत भेद केला जातो. ब्लेकच्या निवेदकाला आपल्या क्रोधाची पूर्ण जाणीव आहे; म्हणून त्याचा क्रोध निग्रहाच्या प्रकारात मोडतो. जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ व १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, भावनेची बाह्य अभिव्यक्ती रोखल्याने नकारात्मक अनुभव कमी होत नाही आणि शरीरावरील ताण मात्र वाढतो. दुसरीकडे ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात राग आदळआपट करून बाहेर काढल्याने तो शमत नाही, उलट वाढतो, असे आढळले. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी ब्लेकच्या पहिल्या दोन ओळींशी सुसंगत आहेत. मित्रावर निवेदक ओरडत नाही. तो राग सांगतो. राग ओकणे आणि राग सांगणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सांगण्यासाठी समोर ऐकणारा मनुष्य असावा लागतो.

भारतीय काव्यशास्त्रात या विषयासाठी अत्यंत नेमकी संज्ञा उपलब्ध आहे. नाट्यशास्त्रात क्रोध हा रौद्र रसाचा स्थायी भाव मानला आहे. तेहतीस व्यभिचारी भावांत ‘अवहित्थ’ या भावाची गणना आहे. अवहित्थ म्हणजे मनातील भाव चेहऱ्यावर न दिसू देणे. भरताने त्याची कारणे सांगताना लज्जा, भय, पराभव, गौरव आणि कुटिलता यांचा निर्देश केला आहे. ब्लेकच्या कवितेत क्रोध हा स्थायी असून अवहित्थ त्याची सतत सोबत करतो. रौद्रातून करुणाचा उद्भव होतो, असेही भरताने म्हटले आहे. ‘अ पॉयझन ट्री’च्या शेवटी प्रेत दिसते, पण करुण रस निर्माण होत नाही, त्याची जागा निवेदकाच्या आनंदाने घेतलेली असते. कवितेचा शेवट वाचकाला खटकतो तो यामुळेच.

भरताने दिलेली कारणांची ही यादी तुलनेसाठी उपयुक्त आहे. लपविणे हे बाह्यतः एकसारखे दिसले तरी कुटिलतेतून लपविणे आणि भयातून किंवा पराभवातून लपविणे यांत मोठे नैतिक अंतर आहे. ब्लेकचा निवेदक भीतीचा उल्लेख करतो, तथापि त्याचा कल कुटिलतेकडे झुकतो. ज्या समाजाला भयापोटी आणि पराभवापोटी गप्प राहावे लागले, त्याच्या मौनाला कपट म्हणता येणार नाही.

मराठी परंपरेतील बंद ताटी

मराठी वाचकाला दडपलेल्या क्रोधाचे एक प्रतीक फार पूर्वीपासून परिचित आहे. लोकांच्या निंदेने व्यथित झालेल्या ज्ञानेश्वरांनी स्वतःला झोपडीत कोंडून घेतले आणि मुक्ताबाईने बाहेरून अभंग गाऊन ताटी उघडण्याची विनवणी केली, अशी परंपरागत कथा आहे. मुक्ताबाईच्या नावावरील हे ‘ताटीचे अभंग’ महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. येथे बंद दार हे गिळलेल्या रागाचे प्रतीक आहे. ब्लेकच्या झाडाप्रमाणे ते वाढत नाही, कारण दाराबाहेर बोलणारे आणि थांबून राहणारे माणूस आहे. मुक्ताबाई रागाचे कारण नाकारीत नाही. संताच्या अंगी कोणती क्षमा असावी, याची ती आठवण करून देते आणि दार उघडेपर्यंत तेथून हलत नाही. बहीण समोर नसती तर त्या झोपडीत काय वाढले असते, याची कल्पना ब्लेकची कविता वाचल्यावर करता येते.

गोंडवनाच्या कवितेतील क्रोध

चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा हा ऐतिहासिक गोंडवनाचा भाग होय. आदिवासी मराठी साहित्याच्या इतिहासात या भूमीचे स्थान महत्त्वाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १९७९ मध्ये पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या दशकात आदिवासी कवींचे संग्रह एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले. येथे त्यांतील काही निवडक शीर्षकप्रतिमांचाच विचार केला आहे.

चंद्रपूर येथील विनायक तुमराम यांच्या १९८७ च्या कवितासंग्रहाचे नाव ‘गोंडवन पेटले आहे’ असे आहे. ब्लेकने जो अग्नी टाळून झाड निवडले, तोच अग्नी येथे संपूर्ण अरण्याला लागलेला आहे. पेटलेले वन कोणाच्या खासगी मालकीचे नाही आणि त्याची ज्वाला लपविताही येत नाही. कपटाने हसण्याची सोयच येथे उरत नाही. भुजंग मेश्राम यांच्या १९९० च्या संग्रहाचे ‘उलगुलान’ हे शीर्षक बिरसा मुंडा यांच्या लढ्याशी निगडित असलेला मुंडारी शब्द घेऊन येते. मराठी कवितेच्या मुखपृष्ठावर मुंडारी शब्द ठेवणे म्हणजे एका जमातीचा क्रोध दुसऱ्या जमातीने आपला म्हणणे होय. गडचिरोलीच्या कुसुम आलाम यांच्या संग्रहाचे नाव ‘रानआसवांचे तळे’ आहे. ब्लेकच्या कवितेतही आसवे आहेत. तेथे ती रोज झाडाला घातली जातात आणि त्यांतून विष तयार होते. येथे ती रानाची आहेत आणि एका जागी साचून राहिली आहेत. तळे उघडे असते. काठावर येणाऱ्या कोणालाही ते दिसते, फक्त तेथवर येण्याची तयारी हवी.

या तिन्ही प्रतिमांत ‘माझा क्रोध’ असा एकवचनी उच्चार नसून वन, उठाव व रान या सामुदायिक वास्तवांचा उच्चार आहे. ब्लेकच्या बागेचे येथे अरण्य झालेले आहे.

मौनाचे कारण वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत अधिक स्पष्ट होते. ही कविता नंदुरबार परिसरातील भिल्ल अनुभवातून आलेली असली तरी तिचे मर्म गोंडवनालाही लागू पडते. मंचावर आमचेच दुःख दुसरे लोक आम्हांला सांगतात, आम्ही खाली बसून ऐकतो आणि शंका पुटपुटलो तर आम्हांलाच गप्प केले जाते, असा तिचा आशय आहे. येथे क्रोध न सांगण्याचे कारण निवेदकाच्या मनात नसून सभेच्या मांडणीत आहे. मंच एकाचा आणि जमीन दुसऱ्याची, अशी रचना असेल तर मित्राला राग सांगण्याचा ब्लेकचा मार्ग आरंभीच बंद होतो. सहानुभूती दाखविणारा वक्ताही मित्र ठरत नाही, कारण तो ऐकत नाही.

ब्लेकने वगळलेल्या शीर्षकाचा अर्थ या संदर्भात नव्याने उलगडतो. ‘भोळा’, ‘सोशिक’, ‘निसर्गाचे लेकरू’ ही आदिवासींना बहाल केलेली विशेषणे स्तुतीची वाटतात. वस्तुतः ती ‘ख्रिस्ती सहनशीलते’चीच भारतीय रूपे आहेत. सोशिकपणाची स्तुती करणारा समाज सोसण्याचे कारण दूर करण्याच्या जबाबदारीतून स्वतःला मोकळे करून घेत असतो.

पिंपळ, काजरा आणि निवळी

या भूमीच्या इतिहासात एक झाड असे आहे की, जे ब्लेकच्या झाडाशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. १८५७-५८ च्या उठावात मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील बाबुराव शेडमाके यांनी जंगोम दल उभारून इंग्रज सत्तेविरुद्ध लढा दिला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूर कारागृहात फाशी देण्यात आली. कारागृहाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला ही फाशी दिली गेली, असे मानले जाते आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे अभिवादन करण्यात येते. शेडमाके यांनी आपला क्रोध लपविला नाही. ब्लेकच्या तर्कानुसार उघड केलेला क्रोध संपावयास हवा होता. येथे क्रोध उघड करणाराच संपविला गेला. ब्लेकच्या झाडाखाली शत्रू पडला आहे, तर चंद्रपूरच्या पिंपळाशी बोलणाऱ्याचे मरण जोडलेले आहे. सत्ता मित्र नसते तेव्हा बोललेल्या क्रोधाची किंमत काय असते, हे या झाडावरून कळते.

तथापि, एवढ्यावरून मौन अथवा हिंसा हे दोनच मार्ग उरतात, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९८० च्या दशकापासून गडचिरोलीने सशस्त्र संघर्षाची दीर्घ वर्षे अनुभवली आणि त्यात दोन्ही बाजूंनी सामान्य कुटुंबांतील माणसे बळी पडली. शत्रूच्या प्रेताकडे पाहून होणारा आनंद कोणालाच मुक्त करीत नाही, हा ब्लेकच्या शेवटच्या कडव्याचा इशारा या पार्श्वभूमीवर अधिक गंभीर वाटतो.

वर्गात प्रतीक समजावून सांगण्यासाठी विद्यार्थ्यांच्या परिचयाची दोन झाडे येथे उपयोगी पडू शकतात. मध्य भारताच्या पानझडी वनांत काजरा, म्हणजेच कुचला हे झाड आढळते. त्याचे पिकलेले फळ नारिंगी, गोल आणि डोळ्यांत भरणारे असते. बियांत मात्र स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही तीव्र विषद्रव्ये असतात. ब्लेकचे चकचकीत फळ डोळ्यांसमोर आणण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. याच काजऱ्याच्या बिया शोधनसंस्कारानंतर आयुर्वेदात औषध म्हणून वापरल्या जातात. आणखी लक्षणीय गोष्ट अशी की, निवळी हे झाड काजऱ्याच्याच प्रजातीतील आहे. निवळीची बी मडक्याच्या आतील बाजूस उगाळली असता गढूळ पाण्यातील गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ होते. एकाच वनस्पतिकुळातील एक झाड विषासाठी प्रसिद्ध आहे आणि दुसरे पाणी निवळण्यासाठी. क्रोधाचेही असेच आहे. तो विष होईल की निवळी होईल, हे त्याला मिळणाऱ्या वागणुकीवर अवलंबून असते.

ऐकणारी जागा

ब्लेकच्या कवितेत मित्र ही एक व्यक्ती आहे. समाजजीवनात मित्राचे हे कार्य संस्थेला करावे लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी हे गाव ओळखले जाते. तेथील ग्रामसभेत निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एखाद्याचा विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. सर्वसहमतीच्या पद्धतीत नाराज माणसाला हरवून पुढे जाता येत नाही, त्याचे ऐकावे लागते. त्यामुळे राग मनात धरून घरी जाण्याचा प्रसंग कमी होतो. येथे क्रोध सांगितला जातो, कारण तो ऐकण्याची व्यवस्था अगोदरच केलेली आहे. मंच आणि जमीन हा भेदही गोलाकार बसलेल्या सभेत फारसा उरत नाही.

महाविद्यालयाचा वर्ग ही देखील अशी जागा होऊ शकते. कवितेचे तात्पर्य सांगण्यापूर्वी अध्यापकाने विद्यार्थ्यांना काही प्रश्न विचारावेत. निवेदकाने शत्रूला राग सांगितला असता तर काय झाले असते? ज्याला राग सांगता येत नाही, त्याचे मौन आणि या निवेदकाचे मौन सारखे आहे काय? बागेच्या जागी रान असते तर फळ कोणाचे ठरले असते? विद्यार्थ्याने माडिया, गोंडी किंवा झाडीबोलीत दिलेले उत्तरही ग्राह्य धरावे, कारण राग सांगण्याची भाषा बहुधा घरचीच असते. परीक्षेच्या इंग्रजीत त्याचे रूपांतर नंतर करता येते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, तीही मान्य केली पाहिजे. विद्यार्थ्याला त्याच्या जमातीच्या दुःखाचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे म्हणजे ‘स्टेज’मधील मंचाचीच पुनरावृत्ती होय. प्रश्न सर्वांना विचारावा आणि गप्प राहण्याचा हक्क सर्वांना असावा.

निष्कर्ष

१) ‘अ पॉयझन ट्री’मध्ये क्रोधापेक्षा क्रोधाची गुप्त जोपासना दोषास्पद ठरविली आहे. झाड हे प्रतीक या दीर्घकालीन जोपासनेमुळे अपरिहार्य ठरते.

२) मूळ खर्ड्याचे शीर्षक पाहता ही कविता सहनशीलतेच्या सामाजिक स्तुतीवरील टीका आहे. केवळ राग आवरण्याचा किंवा बोलण्याचा उपदेश म्हणून ती शिकविणे तिच्या आशयाला न्याय देणारे नाही.

३) अवहित्थ या संज्ञेमुळे कुटिलतेतून आलेले मौन आणि भय वा पराभवातून आलेले मौन यांतील भेद नेमकेपणाने मांडता येतो. पाश्चात्त्य कवितेच्या अध्यापनात भारतीय काव्यशास्त्राचा हा उपयोग फलदायी आहे.

४) ब्लेकच्या कवितेतील क्रोध खासगी बागेतील आहे. गोंडवनाच्या कवितेतील क्रोध सामुदायिक अरण्याचा असून तो पेटणे, उठणे आणि साचणे अशा उघड प्रतिमांतून व्यक्त होतो.

५) क्रोध सांगितल्याने संपतो हे विधान ऐकणारा असेल तरच सत्य ठरते. बाबुराव शेडमाके यांचा इतिहास या विधानाची मर्यादा दाखवितो, तर सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा त्याची शक्यता दाखविते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही कविता शिकविणाऱ्या अध्यापकापुढील प्रश्न त्यामुळे केवळ अर्थनिर्णयाचा राहत नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला राग सांगता येईल, अशी जागा आपण निर्माण केली आहे काय, असे ही कविता अध्यापकालाही विचारते.